मंगळवारी समुद्र बंद : घानातले सहा दिवस

२०२१ च्या जनगणनेत घानातल्या ७१.३ टक्के लोकांनी धर्म ख्रिस्ती लिहिला, १९.९ टक्क्यांनी मुस्लिम आणि जेमतेम ३.२ टक्क्यांनी पारंपरिक. हे आकडे पाहून जुने देव आटोपले असं कुणाला वाटेल. त्याने मंगळवारी आक्राच्या किनाऱ्यावर जाऊन उभं राहावं. शेकडो होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या असतात आणि समुद्रात एकही नसते.

या देशात दर वाराला काही ना काही बंद असतं किंवा भरतं. म्हणून हा प्रवास आधी वार धरून आखला आणि मग गावं ठरवली. मंगळवारी आक्रा, गुरुवारी कुमासीजवळची विणकरांची गावं, शुक्रवारी उत्तरेकडचं माकडांचं जंगल, शनिवारी कुमासीतला अंत्यविधी आणि रविवारी बोसोम्त्वे तळं. क्रम उलटा केला असता तर निम्म्या गोष्टी दिसल्याच नसत्या.

निघण्यापूर्वी : पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या निदान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रात घ्या आणि पिवळं कार्ड पासपोर्टलाच लावून ठेवा. ते आक्रा विमानतळावर मागतात. परत येताना भारतातही मागतात, नसेल तर विलगीकरणात बसवतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. फेब्रुवारीत सहारावरून येणारा हरमाटन वारा अजून पुरता ओसरलेला नसतो. आकाश पांढुरकं, ओठ फुटलेले आणि कपड्यांवर बारीक धूळ. लिप बाम आणि मोठा रुमाल हवाच.

दिवस पहिला, मंगळवार : चोरकोर, आक्रा

आक्रा हे मूळ गा लोकांचं शहर, आणि गा किनाऱ्यावर मंगळवार हा समुद्रदेवाच्या विश्रांतीचा दिवस. चोरकोर ही शहराच्या पश्चिमेकडची कोळ्यांची दाट वस्ती आहे. इथल्या होड्या वावा नावाच्या हलक्या लाकडाच्या. एकाच खोडातून कोरलेला तळ आणि वर फळ्या ठोकून चढवलेल्या बाजू. हे खोड समुद्राकाठी मिळत नाही. आतल्या जंगलात कोरतात आणि ट्रकवर घालून किनाऱ्याला आणतात. बाजूंवर बायबलची वचनं, फुटबॉल क्लबांची नावं, झेंडे. म्हणजे होडीवर येशू आणि होडी कधी थांबायची ते जुना देव सांगणार. यात विसंगती आहे असं तिथे कुणाला वाटत नाही.

मंगळवारी किनारा मोकळा असतो, पण रिकामा नसतो. वाळूवर निळी-हिरवी नायलॉनची जाळी पसरलेली. दोघे-तिघे फाटका भाग पायाच्या अंगठ्यात ताणून धरतात आणि दोरा गुंडाळलेल्या चपट्या प्लास्टिक सुईने एकेक घर भरत जातात. होडीच्या फटींत कापूस ठासणं, इंजिन उघडणं, आठवड्याचा हिशेब आणि भांडणांचा निवाडाही याच दिवशी. सगळे खलाशी एका जागी सापडतात तो हाच वार. त्यामुळे बोलायला मंगळवारसारखा दिवस नाही. इतर दिवशी कुणाला उसंत नसते.

नियम टिकलाय तो केवळ श्रद्धेवर नाही. दर किनाऱ्याला एक मुख्य कोळी असतो, गा भाषेत वोलेइआत्से. मंगळवारी होडी घातली तर तो मासळी नाहीतर इंजिन अडकवून ठेवतो आणि दंड लावतो : रोख रक्कम, दारूच्या बाटल्या, मेंढा. दंड भरेपर्यंत त्या होडीला धक्क्यावर थारा नाही. शेजारी बघत असतात, म्हणून पळवाट राहत नाही.

याची मर्यादाही तिथेच कळते. ट्रॉलरला मंगळवार नसतो. लांब पाण्यात ट्रॉलर लहान मासळी उपसतात आणि तीच गोठवून होडीवाल्यांना विकतात. या धंद्याला तिथे ‘सायको’ म्हणतात. सहा दिवसांत सातव्याची कसर भरून निघते ती वेगळीच. सरकारने २०१९ मध्ये पहिल्यांदा होड्यांसाठीही १५ मे ते १५ जून अशी बंदी आणली. पुढे ती जुलैत गेली आणि २०२५ मध्ये होड्यांना तिच्यातून सूट मिळाली. आपल्याकडची १ जून ते ३१ जुलैची बंदी आणि त्यानंतरची नारळी पौर्णिमा माहीत असलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. फरक इतकाच की मंगळवार पाळून घेणारा माणूस गल्लीत राहतो आणि जुलै पाळून घेणारा मंत्रालयात होता.

मासळी काठाला लागली की व्यवहार बायकांच्या हातात. इंधनाचे, जाळ्याचे पैसे बहुतेकदा त्यांनीच आगाऊ दिलेले असतात, म्हणून पहिल्या खरेदीचा हक्क त्यांचा. त्यांच्यातली प्रमुख, कोंकोहेमा, दिवसाच्या पहिल्या होडीशी घासाघीस करते. तो भाव त्या सकाळपुरता सगळ्यांना लागू.

उरलेली मासळी धुरावर सुकवतात. त्यासाठीची भट्टी याच वस्तीच्या नावाने पश्चिम आफ्रिकाभर ओळखली जाते, चोरकोर भट्टी. १९७० च्या आसपास इथल्याच बायकांबरोबर काम करून ती बसवली गेली. मातीची किंवा विटांची आयताकृती चौकट, समोर लाकूड घालायला दोन तोंडं, वर तारेची जाळी ठोकलेल्या लाकडी चौकटींचे ट्रे एकावर एक. ट्रेंची उतरंडच धुराड्याचं काम करते, वेगळं धुराडं लागत नाही. जुन्या गोल भट्टीत एकेक मासा हाताने उलटावा लागे आणि बोटं भाजत. इथे ट्रे खालचा वर, वरचा खाली करत फिरवला की झालं. चूक होते ती मापात. ट्रेची चौकट भिंतीच्या जाडीवर बरोबर बसली पाहिजे. आत सरकली तर लाकूड जळतं, बाहेर राहिली तर फटीतून धूर जातो आणि मासळी अर्धी कच्ची राहते. भिंतींची वरची कड पाणसळीत नसेल तर वरच्या ट्रेपर्यंत धूर पोचतच नाही. म्हणून सुतार आणि गवंडी एकाच वेळी बोलावतात.

जेवण : केंके. मक्याचं आंबवलेलं पीठ कणसाच्या पातीत गुंडाळून उकडलेलं, सोबत तळलेला मासा, वाटलेली ताजी मिरची आणि शितो. शाकाहारींनी इथे नीट ऐकावं. शितो ही काळी चटणी नुसती मिरचीची दिसते, पण तिच्यात सुकी कोळंबी आणि मासळीची पूड असते. ‘रेड रेड’ (चवळीची उसळ आणि तळलेली पिकली केळी, वर गारी म्हणजे कसाव्याचा भाजलेला रवा) हा पोटभरीचा पदार्थ आणि केलेवेले (आलं-मिरची लावून तळलेली केळी) हा रस्त्यावरचा, दोन्ही साधारण चालतात. तरी उसळीत मासळी टाकली आहे का ते विचाराच. खाणं आणि देणं-घेणं उजव्या हाताने. डावा हात पुढे केलात तर समोरचा हात मागे घेईल.

मे-जूनमध्ये जाणार असाल तर एक सूचना. होमोवो या गा लोकांच्या सणाआधी आक्रात साधारण महिनाभर ढोल आणि मोठा आवाज बंद असतो. चर्चच्या लाउडस्पीकरवरून तेव्हा वाद होतात, क्वचित हातघाईसुद्धा. बँडवाले, मंडपवाले, हॉटेलातले डीजे आपलं कामाचं वेळापत्रक त्या महिन्याला धरूनच लावतात.

दिवस दुसरा, बुधवार : माकोला बाजार, मग कुमासी

खिशातल्या नोटा इथे नीट बघाव्यात. चलन सेदी, १९६५ पासूनचं, आणि शब्द आकान (घानातला सगळ्यांत मोठा लोकसमूह) भाषेतल्या कवडीच्या नावावरून आलेला. मालदीवच्या कवड्या हिंदी महासागरातल्या व्यापाराने, पुढे युरोपी जहाजांतून पश्चिम आफ्रिकेत पोचल्या आणि तिथे नाणं झाल्या. आपल्याकडे ती कवडी तुळजाभवानीच्या आराध्यांच्या माळेत राहिली आणि ‘कवडीमोल’ शब्दात. सेदीचा शंभरावा भाग पेसेवा. ते सोन्याच्या भुकटीचं एक लहानसं वजन होतं. सोनं तोलायला आकान लोक जी बी वापरत, ‘दम्मा’ नावाची, लाल आणि टोकाला काळी, ती म्हणजे आपल्या सोनाराची गुंज.

माकोलात सकाळी आठच्या आत शिरा. नंतर पाऊल टाकायला जागा नसते. कॅमेरा पिशवीत ठेवा, आधी काहीतरी विकत घ्या, मग फोटोचं विचारा. इथे सुसु समजून घ्यायचं होतं. एकेका गाळ्यासमोर पाचेक मिनिटं थांबत, कमरेच्या पाकिटात पैसे टाकत जाणारा माणूस दिसला की तो सुसुवाला.

पिग्मीचा एजंट डोळ्यांसमोर आणा. पुठ्ठ्याच्या कार्डावर ३१ चौकोन असतात. बाई रोज ठरलेली रक्कम देते, समजा २० सेदी, आणि तो एका चौकोनात सही करतो. महिनाअखेर ३० दिवसांचे ६०० जमले की तो ५८० परत करतो. एका दिवसाचा हप्ता त्याचा मेहनताना. पिग्मीत आपल्याला थोडंफार व्याज मिळतं, इथे उलट साठवणाऱ्यानेच पैसे मोजायचे. तरी चालतं, कारण बाईला व्याजाची फिकीर नाही. गल्ल्यातले पैसे संध्याकाळपर्यंत भाच्याच्या फीला, दिराच्या औषधाला जाऊ नयेत याची आहे. ‘सुसुत गेले’ म्हटलं की मागणारा गप्प बसतो. दुसरा प्रकार भिशीचा. दहा-बारा जणी, दर आठवड्याला एकीला सगळी रक्कम. त्यालाही सुसुच म्हणतात.

मोडतं कुठे? सुसुवाला पैसे घेऊन पसार होतो तिथे. म्हणून मुरलेल्या बायका तीन गोष्टी बघतात : तो कुणाचा कोण, किती वर्षं याच गल्लीत फिरतो आणि महिन्याच्या मध्येच पैसे मागितले तर त्याच दिवशी देतो का. तिसरी परीक्षा सगळ्यांत महत्त्वाची. सुसुचं नाव लावून निघालेल्या मोठ्या कंपन्यांना ही परीक्षा कुणी घेतली नाही. २०१९ च्या मे महिन्यात बँक ऑफ घानाने एका झटक्यात ३४७ मायक्रोफायनान्स कंपन्यांचे परवाने रद्द केले.

बाजारात दर मालाची एक राणी असते, ओहेमा. कांद्याची वेगळी, टोमॅटोची वेगळी, सुरणासारख्या याम कंदाची वेगळी. ट्रक कोणत्या क्रमाने रिकामे होणार, उधारी बुडाली तर निवाडा काय, कुणाच्या घरी मयत झाली तर किती वर्गणी, हे ती ठरवते. महागाईचं खापरही तिच्यावरच फुटतं. १९७९ मध्ये लष्करी राजवटीने भाववाढीचा दोष बायकांवर ठेवून जुना माकोला बाजार सुरुंग लावून पाडला. भाव त्याने उतरले नाहीत, बाजारात माल यायचा मात्र आणखी थांबला. अर्थात राण्या काही साध्वी नव्हेत. टोमॅटोच्या राण्या बाहेरच्या व्यापाऱ्याला आपल्या बाजारात उतरू देत नाहीत, आणि त्याचा फटका उत्तरेकडच्या शेतकऱ्याला बसतो.

दुपारची कुमासीची बस. अंतर सुमारे २५० किलोमीटर, वेळ पाच-सहा तास. बस सुटताच एक प्रवचनकार उभा राहून प्रार्थना करतो, सगळे ‘आमेन’ म्हणतात आणि मग तोच माणूस पिशवीतून पोटदुखीवरचं औषध काढून विकायला लागतो. वाटेत बिरिम नदी लागते. पाणी दुधाच्या चहासारखं. वर बेकायदा सोन्याच्या खाणी आहेत, त्यांना ‘गॅलमसे’ म्हणतात. आकान परंपरेत नद्या देव आहेत, त्यांचे वार आहेत, विटाळ आहेत. एक्स्कॅव्हेटर चालवणाऱ्याला यातलं काही अडवत नाही. तो दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला असतो आणि ज्याने जमीन दिली त्याला त्याचा वाटा पोचलेला असतो.

दिवस तिसरा, गुरुवार : न्तोन्सो आणि बोनविरे

कुमासीभोवतालच्या असान्ते (आकानांतलाच एक समाज) मुलखात धरित्रीचं नाव असासे या. ‘या’ म्हणजे गुरुवारी जन्मलेली. मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला मिळतं. कोफी अन्नान शुक्रवारचे, क्वामे एन्क्रुमा शनिवारचे. धरित्री गुरुवारची म्हणून गुरुवारी शेतात कुदळ मारायची नाही. शेतकरी घरी सापडतात, कोको आणि जमीन या विषयांवर बोलायला हाच वार.

कोकोच्या शेतीचा जीव दोन शब्दांत आहे, अबुसा आणि अबुनू. अबुसा म्हणजे तिसरा हिस्सा. तयार बाग सांभाळणाऱ्याला एक वाटा, मालकाला दोन. अबुनू म्हणजे निम्मे. जंगल तोडून, रोपं लावून बाग उभी करायची, झाडं धरली की बाग किंवा पीक अर्धं-अर्धं. कोकोला फळ यायला चार-पाच वर्षं लागतात. तोवर सावलीला लावलेली केळी आणि अळकुड्या राबणाऱ्याच्या. हातात भांडवल नसलेला परगावचा माणूस अशा वाट्यावर बागायतदार होऊ शकला, आणि जगातल्या पहिल्या दोन कोको उत्पादक देशांत घाना बसला तो अशाच लहान शेतकऱ्यांवर. भांडण पेटतं ते एका प्रश्नावरून. वाटा पिकाचा ठरला होता की झाडांचा? झाडं म्हातारी होऊन मेली की जमीन कुणाची? जुन्या करारात साक्षीदार आणि जिनची बाटली होती, कागद नव्हता. आता जाणते लोक दोन्ही करतात.

जमीन राजगादीची, म्हणजे ‘स्टूल’ची. राज्यघटनेच्या २६७ व्या कलमाने तिच्या उत्पन्नाची वाटणी ठरवून दिली आहे. आधी १० टक्के प्रशासन खर्च, उरलेल्यातले २५ टक्के गादीला, २० टक्के पारंपरिक मंडळाला, ५५ टक्के जिल्हा सभेला. पण जमीन घेताना प्रमुखाला पूर्वी दारूची बाटली देत. तिची आता रोख रक्कम झाली आहे, नाव अजून ‘ड्रिंक्स’. मुंबईकराला हे एका शब्दात कळेल : पगडी. ही रक्कम भाड्यात धरत नाहीत, म्हणून वरच्या वाटणीत येतच नाही. शहराजवळच्या जमिनीत खरा पैसा इथेच आहे.

न्तोन्सोत आदिंक्रा, म्हणजे चिन्हांचे शिक्के मारलेलं कापड छापतात. बादिए झाडाची साल भिजवायची, लाकडी उखळात मुसळाने कुटायची, लोखंडी पिंपात पाण्याबरोबर तासन्‌तास उकळायची. गाळलेलं लालसर पाणी पुन्हा आटवायचं, चमच्यावरून काकवीसारखं सावकाश ओघळेपर्यंत. शिक्का भोपळ्याच्या वाळलेल्या कवचातून कोरलेला, मागे काड्यांची मूठ. कापड फोम घातलेल्या फळीवर खिळ्यांनी ताणून आधी फणीने रेघा ओढतात, मग चौकोनात शिक्के. रंग पातळ राहिला तर कडा फुटतात. जास्त आटला तर शिक्का उचलताना रंगाची सालपटं येतात. छपाईला भोपळ्याच्या कवचाची किंचित गोलाई उपयोगी पडते, शिक्का टेकवून डोलवायचा असतो. सपाट रबरी शिक्क्याने मधला भाग कोरा राहतो. हे कापड मुळात निरोपाचं, अंत्यविधीचं. म्हणून पारंपरिक रंग धुण्यासाठी बनवलेलाच नव्हता. विकत घेताना कपडा धुता येईल का ते विचारा, खरं सांगतात.

बोनविरेत केंटे, म्हणजे अरुंद पट्ट्या जोडून केलेलं हातमागाचं वस्त्र. मागाचा पन्हा जेमतेम चार इंच. विणकर पायाच्या बोटांत भोपळ्याच्या चकत्या धरून ताणा वर-खाली करतो आणि समोर पंधरा-वीस पावलांवर ताण्याचं दुसरं टोक लाकडी फळीवर दगड ठेवून अडकवलेलं असतं. वीण पुढे जाईल तशी ती फळी जमिनीवरून सरकत त्याच्याकडे येते. दगड हलका पडला तर ताण सैल होऊन पट्टी मध्येच रुंदावते, जड झाला तर सूत तुटतं. पुरुषाच्या पूर्ण वस्त्राला अशा साधारण २४ पट्ट्या शिवून जोडतात. खरी परीक्षा तिथे होते. दर नक्षीच्या तुकड्यात बाण्याचा एकच धागा कमी-जास्त झाला, तरी पट्टीच्या शेवटापर्यंत फरक बोटभर होतो आणि चौकटी जुळत नाहीत.

पूर्वी काही नक्षी आणि वह्यांच्या (ताण्याचे धागे उचलणाऱ्या दोऱ्यांच्या चौकटी) तीन जोड्यांवर विणलेलं असासिया वस्त्र असान्तेहेनेच्या, म्हणजे असान्तेंच्या राजाच्या, परवानगीशिवाय विणता येत नसे. दंडाची भीती होती, म्हणजे तो एक प्रकारचा पेटंटच. आजचा कायदा, २००५ चा कॉपीराइट कायदा क्रमांक ६९०, लोककलेचे हक्क प्रजासत्ताकाच्या वतीने राष्ट्राध्यक्षांकडे ठेवतो. युनेस्कोने डिसेंबर २०२४ मध्ये केंटेला वारसा यादीत घेतलं. आणि कुमासीच्या बाजारात परदेशात छापलेलं ‘केंटे’ हातमागाच्या पासंगालाही न पुरणाऱ्या भावात विकलं जातं. प्रमुखाचा दंड छापखान्यापर्यंत पोचत नाही, राष्ट्राध्यक्षांचा हक्क विणकराच्या खिशापर्यंत.

खरेदी करताना : पट्ट्यांच्या शिवणी बोटाने चाचपा, मागची बाजू बघा. छापील कापड मागून फिकं असतं. ओल्या पांढऱ्या रुमालाने लाल भाग चोळा, रंग लागला तर सोडा. पूर्ण वस्त्र झेपणार नसेल तर एक पट्टी घ्या. घासाघीस करावी, पण विणकराशीच, दलालाशी नको.

दिवस चौथा, शुक्रवार : टेचिमन, बोआबेंग-फिएमा

पहाटे कुमासी सोडून टेचिमन. हा देशातल्या सगळ्यांत मोठ्या धान्यबाजारांपैकी एक, शुक्रवारी तुडुंब. मका-शेंगदाणा ‘ओलोंका’ नावाच्या डब्याने मोजतात. आपल्या मापट्या-पायलीसारखंच, आणि लबाडीही तीच. डब्याचा तळ आतून ठोकून वर आणलेला असतो. विकणारी बाई वर शीग लावते, ती पूर्ण ओघळेपर्यंत लावली का ते बघायचं. टोमॅटो लाकडी पेट्यांनी. पेटी व्यापारीण स्वतः शेतावर घेऊन जाते, त्यामुळे पेटीचा आकार तिच्या हातात आणि भाव पेटीमागे. शेतकऱ्याची तक्रार भावापेक्षा पेटीच्या आकाराची जास्त.

तिथून न्कोरांझामार्गे बोआबेंग-फिएमा. एकमेकांपासून किलोमीटरभरावरची दोन गावं आणि मध्ये साडेचार चौरस किलोमीटरचं जंगल. त्यात मोना माकडं आणि काळी-पांढरी कोलोबस. ही देवाची लेकरं, त्यांना मारायचं नाही. मेलं तर माणसासारखं पुरायचं. पुजाऱ्यांच्या आणि माकडांच्या कबरी शेजारी-शेजारी आहेत, पाट्यांसकट. आपल्या देवराईत काडीही उचलत नाहीत, तसाच प्रकार.

१९७० च्या दशकात नव्या ख्रिस्ती पंथात गेलेल्या काहींनी हा विटाळ झुगारला आणि माकडं मारायला सुरुवात केली. गावकऱ्यांनी सरकारी वन्यजीव खात्याकडे धाव घेतली आणि १९७५ मध्ये स्थानिक उपनियम आला : शिकार बंद. विटाळ एका धर्माच्या लोकांवर चालत होता, उपनियम सगळ्यांवर चालतो. पण उपनियम पाळला जातोय का हे बघायला आजही गावच आहे. आता तिसरा टेकू आला आहे, प्रवेशशुल्काचा. माकडं वाचली, तरी आसपासचं जंगल शेतांनी आणि वणव्यांनी गिळलं. मोना माकडं भूक लागली की थेट चुलीवरचं भांडं उघडतात, आणि त्याची भरपाई कुणी देत नाही.

जाणाऱ्यांसाठी : सकाळी सहा ते नऊ किंवा चारनंतर. मोना हातातून केळं घेतात, पिशवी मात्र बंद ठेवा. कोलोबस सहसा झाडावरून उतरत नाहीत, दुर्बीण न्या. मुक्कामाचं घर साधं, बादलीने अंघोळ, विजेचा भरवसा नाही.

दिवस पाचवा, शनिवार : कुमासी

कुमासीत शनिवारी रस्त्यावर लाल-काळ्या कपड्यांचा पूर असतो. प्रत्येक चौकात मयताच्या फोटोचं होर्डिंग. मृतदेह काही आठवडे शवागारात ठेवतात, कारण मृत्यूनंतरच्या एका आठवड्याच्या बैठकीत अंत्यविधीची तारीख, समिती आणि अंदाजपत्रक ठरतं. मग मंडप, प्लास्टिकच्या खुर्च्या, साउंड, बँड, छपाई, शिंपी, कॅटरर, व्हिडिओवाला. २०२० मध्ये जगभर गाजलेले नाचणारे खांदेकरी घानाचेच.

मंडपात एक टेबल असतं, त्यावर पावतीपुस्तक. दिलेली रक्कम, ‘न्सावा’, लिहून घेतात, पावती देतात आणि माइकवरून नाव आणि आकडा पुकारतात. आहेराच्या वहीची सवय असलेल्या मराठी माणसाला काहीच समजावून सांगावं लागत नाही. सगळं आटोपल्यावर हिशेब बसतो. तूट आली तर ती मातृकुळातल्या, म्हणजे ‘अबुसुआ’तल्या कमावत्या सभासदांवर वाटून घालतात. शिल्लक राहिली तर कुळाच्या घराला किंवा पुढच्या अडचणीला. पावती हीच हमी : उद्या तुमच्याकडे प्रसंग आला तर मी येईन.

‘मेलेल्यावर लाखो, आजाऱ्यावर काही नाही’ अशी टीका घानातलेच लोक करतात, आणि ती खोटी नाही. पण वारसाचा हिशेब लक्षात घेतला तर खर्चाचा अर्थ लागतो. आकान कुळ आईकडून चालतं. पूर्वी माणसाची मिळकत मुलाकडे नव्हे, बहिणीच्या मुलाकडे जाई. १९८५ च्या कायद्याने (पीएनडीसी कायदा १११) मृत्युपत्र नसेल तर घर आणि घरातलं सामान बायको-मुलांना दिलं, उरलेल्यात कुळाला लहानसा वाटा ठेवला. अंत्यविधीला कुळ ज्या जोमाने उभं राहतं त्यात हाही दावा असतो : हा माणूस आमचा होता.

परक्यालाही मंडपात येऊ देतात. काळे कपडे, टोपी काढलेली, बसलेल्यांशी उजवीकडून सुरू करून डावीकडे हस्तांदोलन करत जायचं, मग टेबलावर थोडी रक्कम. नाव पुकारलं गेलं की उभं राहून मान लववायची. मृत व्यक्ती फार वयस्कर असेल तर कपडे काळे-पांढरे दिसतील.

उरलेल्या वेळात मान्हिया राजवाड्याचं संग्रहालय. १८९६ मध्ये ब्रिटिशांनी हद्दपार केलेले असान्तेंचे राजे प्रेम्पे पहिले १९२४ मध्ये परतले, त्यांच्यासाठी बांधलेलं हे घर. २०२४ मध्ये लंडनची ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांच्याकडून ३२ वस्तू, बहुतेक लुटीतल्या, इथे आल्या, त्याही उसन्या! असान्तेहेनेचा दरबार, अक्वासिदाए, दर ४२ दिवसांनी रविवारी भरतो. सहा दिवसांचा जुना आठवडा आणि सातांचा नवा एकत्र फिरले की ४२ दिवसांनी जुळतात. तो बघायचा असेल तर तिकीट काढण्याआधी त्या वर्षाच्या तारखा बघा.

दिवस सहावा, रविवार : बोसोम्त्वे

कुमासीच्या आग्नेयेला तीसेक किलोमीटरवर, दहा लाखांहून अधिक वर्षांपूर्वी उल्का पडून झालेलं विवर आणि त्यात सुमारे आठ किलोमीटर रुंदीचं तळं. लोणार पाहिलेल्याला वरूनच अंदाज येतो, फक्त आकार कैक पटींनी मोठा आणि पाणी गोडं. त्वे या देवाचा वार रविवार, म्हणून रविवारी मासेमारी बंद.

जुना नियम असा : पाण्याला लोखंड लावायचं नाही, होडी घालायची नाही. म्हणून इथले कोळी ‘पादुआ’ वापरतात. एकाच लाकडाची लांब फळी, टोकं किंचित वर उचललेली. तिच्यावर पालथं पडून किंवा पाय सोडून बसून हातांनी वल्हवायचं. फळीवर माणूस जेमतेम मावतो, मासळी किती आणणार? तळ्याला बाहेर जाणारी वाट नाही, साठा ठरलेला, तेव्हा साधनच लहान ठेवणं हा कोटा होता. पुढे नायलॉनची जाळी शिरली. फळी तीच राहिली, पण फळीवरून आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त पाणी गाळलं जातं. किनाऱ्यावर भाजून मिळालेले मासे बोटाएवढे होते.

रविवारी आबोनो गावाच्या काठाला पादुआ पालथ्या घालून ठेवलेल्या असतात. शेजारी अॅल्युमिनियमची भांडी तळ्यातच घासतात, चर्चमधली गाणी पाण्यावरून ऐकू येतात आणि कुमासीहून आलेल्या पर्यटकांना घेऊन मोटरबोट धडधडत निघते. बोटवाल्याचं म्हणणं असं की बंदी मासेमारीला आहे, फेरीला नाही. भाडं बसण्याआधी ठरवा, माणशी की बोटीमागे ते दोनदा विचारा आणि जॅकेट मागून घ्या. फळ्या पाण्यात उतरताना बघायच्या असतील तर रात्री आबोनोतच राहा. सोमवारी साडेपाचला उजाडायच्या आत पहिला माणूस फळी डोक्यावर घेऊन काठाशी येतो आणि पाण्यात पाय घालायच्या आधी चप्पल काढून ठेवतो.